संगणकाविना अल्गोरिदम: सहावी-सातवीच्या वर्गात फ्लोचार्ट आणि स्यूडोकोड कसे शिकवावेत

सहावी-सातवीच्या मुलांना अल्गोरिदम, म्हणजे काम पार पाडायच्या पायऱ्यांचा क्रम, शिकवायचा म्हटलं की नवा शिक्षक हमखास आधी फळ्यावर व्याख्या लिहितो, मग फ्लोचार्टचे, म्हणजे त्या पायऱ्यांच्या चित्राचे, पाच आकार काढतो आणि आकारांपुढे नावं. मुलं निमूटपणे उतरवून घेतात. पुढच्या शनिवारी विचारलं तर आकार अचूक काढतात, पण ‘या उदाहरणाचा फ्लोचार्ट काढ’ म्हटलं की पेन्सिल हलत नाही. व्याख्येत आणि आकारांत चूक काहीच नसते. दोन्ही फार लवकर येतात, एवढंच.

मुंबईतल्या पालिकेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत, वस्तीतल्या अभ्यासिकेत, नाहीतर घरीच शेजारची चार पोरं जमवून हा विषय पहिल्यांदा शिकवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. संगणक नसला तरी चालेल. खरं सांगायचं तर सुरुवातीला तो नसलेलाच बरा, कारण तो समोर आला की मुलांचा अर्धा जीव माउसमध्ये अडकतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना हा विषय समजावताना तेवढा आधार घ्या. खोली आणि फळा मिळाला की झालं.

सगळ्या तासांना एकच नियम लावा: ज्याने पायऱ्या लिहिल्या त्याने त्या चालवून बघायच्या नाहीत. वही शेजाऱ्याकडे द्यायची, शेजाऱ्याने लिहिलंय तसंच करायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. स्वतःच्या वहीतल्या गाळलेल्या जागा माणूस डोक्यातून भरून काढतो. दुसऱ्याच्या वहीत त्या लगेच खटकतात. बाकी काही विसरलात तरी हा नियम सोडू नका.

काय जमवायचं

लहान वर्गांत अंकगणितासाठी असते ती चौकोनांची वही (का, ते पुढे येईल), खडू, पेन्सिली आणि जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची झकास कार्डं होतात. एका तासाला चाळीस मिनिटं धरा. वेळापत्रक आखताना गणपतीच्या आधीचे दोन आठवडे मोकळे ठेवा, निदान लालबाग-परळ-गिरगावात तरी. त्या दिवसांत मुलं मंडळात असतात आणि तुमच्या वर्गात येणारी दोन पोरंही मनाने तिथेच असतात.

पहिला तास: पाठीला पाठ

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात एक साधं चित्र द्या: घर, म्हणजे चौरस, त्यावर त्रिकोणी छप्पर, मध्ये दार. त्याने सांगायचं, दुसऱ्याने न विचारता काढायचं.

पहिल्या फेरीत सूचना साधारण अशा येतात: ‘एक चौकोन काढ. त्याच्यावर त्रिकोण काढ. मध्ये दार काढ.’ ऐकणारा चौकोनाच्या पोटातच त्रिकोण काढतो आणि त्रिकोणाच्या मध्यभागी दार. वर्ग हसतो. सांगणारा वैतागतो, ‘अरे, घर आहे ते!’ इथे तुम्ही शांतपणे म्हणायचं, की घर हा शब्द तू उच्चारलाच नव्हतास. त्याने जे ऐकलं ते बरोबर काढलं आहे.

मग त्याच मुलाकडून सूचना पुन्हा लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला असं काहीतरी येतं: ‘५ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढ. चौरसाची वरची बाजू हा पाया धरून, चौरसाच्या बाहेर, ४ सेंटिमीटर उंचीचा त्रिकोण काढ.’ आता वर्गालाच विचारा, अजून कुठे दोन अर्थ निघतात? कुणीतरी हात वर करतंच: एकाच पायावर, एकाच उंचीचे त्रिकोण कितीतरी निघतात. मग ‘समद्विभुज’ हा शब्द वहीत शिरतो, आणि भूमितीच्या तासाला नुसताच पाठ केलेला तो शब्द पहिल्यांदा कामाला येतो.

तासाच्या शेवटी फळ्यावर चार प्रश्न लिहा. काय दिलं आहे? काय मिळवायचं आहे? प्रत्येक पायरीचा एकच अर्थ निघतो का? आणि हे सगळं कधीतरी संपतं का? या चार प्रश्नांना नीट उत्तर देणारा पायऱ्यांचा क्रम म्हणजे अल्गोरिदम, एवढं सांगून मोकळे व्हा.

दुसरा तास: चहा नको, लोकल घ्या

जवळपास प्रत्येक पुस्तकात अल्गोरिदमचं उदाहरण म्हणून चहा असतो. मला ते पटत नाही. पाणी ठेवा, पावडर टाका, दूध घाला, गाळा: सगळी सरळ रेघ. कुठे निर्णय नाही, कुठे मागे फिरणं नाही. ‘चवीपुरती साखर’ चालता कामा नये, पण ते तपासणार कसं? असल्या उदाहरणाने मुलांचा समज होतो, की यादीला क्रमांक घातले की अल्गोरिदम झाला.

त्यापेक्षा त्यांना प्रभादेवी स्टेशनवर उभं करा. अंधेरीला जायचं आहे. पश्चिम रेल्वेच्या फक्त स्लो गाड्या इथे थांबतात. पायऱ्या लिहा.

बांद्रा लोकल अंधेरीच्या आधीच संपते हे मुलांना माहीत असतं, म्हणून बहुतेक वह्यांत हे येतं:

१. इंडिकेटर बघ.
२. बांद्रा लोकल असेल तर सोड.
३. नाहीतर चढ.

वही शेजाऱ्याकडे गेली की खरी गंमत सुरू. दादर लोकल आली तर? पायरी ३ म्हणते चढ. चढलो आणि पुढच्याच स्टेशनवर उतरलो. उलट्या दिशेची, चर्चगेटला जाणारी आली तर? तीही बांद्रा लोकल नाही, म्हणजे तिच्यातही चढायचं! मुलं एकेक अपवाद जोडत सुटतात: बांद्रा नको, दादर नको, चर्चगेट नको. त्यांना थोडा वेळ जोडू द्या. यादी पुरेशी लांबली की विचारा, नको असलेल्या गाड्या मोजण्यापेक्षा हवी असलेली गाडी एका प्रश्नात पकडता येईल का? ‘ही गाडी अंधेरीला थांबते का?’ या प्रश्नावर येईपर्यंत गप्प बसा. हा प्रश्न मुलांनी स्वतः शोधला, की अट लिहिणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी फट ‘सोड’ या शब्दात आहे. गाडी सोडली, मग पुढे काय? वहीत काहीच लिहिलेलं नसतं. ‘पुन्हा पायरी १ वर जा’ हे वाक्य तिथे बसवलं की पुनरावृत्ती आली. तिला लूप म्हणतात हेही आत्ताच सांगून टाका. आणि शेवटची लोकल निघून गेल्यावर? हा लूप संपतो का? एखादं चलाख पोरगं म्हणेल, ‘सकाळी पहिली गाडी येतेच की.’ त्याचं बरोबर आहे, मान्य करा. खरोखर न संपणारा लूप पुढे येणारच आहे.

तिसरा तास: जमिनीवरचा फ्लोचार्ट

आता आकार. पाचच पुरेत. सुरुवात आणि शेवट यांना लंबगोल, माहिती घेणं आणि दाखवणं यांना समांतरभुज चौकोन, कृतीला आयत, प्रश्नाला टोकावर उभा केलेला समभुज चौकोन, आणि जोडायला बाण. समभुज चौकोनाला मुलं पत्त्यांतला ‘चौकट’ म्हणतात. म्हणू द्या, मीही म्हणतो.

मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट: कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडायची ही रीत संगणकाच्या आधीची आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे असे तक्ते मांडले, तेही कारखान्यातलं काम सुटसुटीत करण्यासाठी. संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ते १९४० च्या दशकात वापरले.

उदाहरण रेल्वेच्या तिकिटाचं घ्या. नियम असा: ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ पूर्ण झाल्यापासून १२ पूर्ण होईपर्यंत अर्धं, त्यापुढे पूर्ण. वर्गातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ‘टीसीने विचारलं तर अकरा सांग’ हे ऐकलेलं असतं, त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही.

वहीत काढायला लावू नका. कार्डांवर मजकूर लिहून ती फरशीवर मांडा, बाण खडूने काढा. मग एका मुलाच्या हातात ‘वय ५’ अशी चिठ्ठी द्या आणि त्याला फ्लोचार्टवरून चालायला सांगा. चौकटीपाशी आलं की त्याने प्रश्न मोठ्याने वाचायचा, चिठ्ठी बघायची आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलेल्या बाणावरून पुढे जायचं. बाणावर काही लिहिलेलंच नसेल तर तिथेच उभं राहायचं. ‘अरे, उजवीकडे जा ना’ असं कुणी ओरडलं तरी हलायचं नाही. हो-नाही न लिहिलेले बाण ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी खोड. तुम्ही तोंडाने दहादा सांगण्यापेक्षा एक पोर मधोमध अडकून उभं राहिलेलं जास्त लक्षात राहतं.

आता मुद्दाम चौकटींचा क्रम बदला. आधी ‘वय १२ पेक्षा कमी आहे का?’ विचारा आणि ‘हो’चा बाण थेट ‘अर्धं तिकीट’कडे न्या, ‘वय ५ पेक्षा कमी आहे का?’ ही चौकट ‘नाही’च्या बाजूला ठेवा. ‘वय ३’ची चिठ्ठी घेतलेलं मूल चालत जातं आणि त्याला अर्धं तिकीट काढावं लागतं. पाचाच्या चौकटीपर्यंत तर ३ वर्षांचं कुणी कधी पोहोचतच नाही. प्रश्न दोन्ही बरोबर, क्रमाने घात केला. यावर पाच-दहा मिनिटं रेंगाळा, घाई करू नका.

कुठल्या चिठ्ठ्या द्यायच्या यालाही महत्त्व आहे. ३, ८ आणि ४० दिल्या तर बहुतेक चुका लपून राहतात. ४, ५, ११ आणि १२ द्या. ‘पेक्षा कमी’ आणि ‘किंवा कमी’ यांतला घोळ नेहमी सीमेवर सापडतो.

कुणीतरी विचारेलच, ‘पाच रुपयांच्या तिकिटाचं अर्धं म्हणजे अडीच रुपये का?’ प्रश्न उत्तम आहे. पैसे पूर्ण कसे करायचे हा नियम आपण दिलेलाच नव्हता. फ्लोचार्टच्या खाली ‘गृहीत धरलं: अर्धं म्हणजे बरोबर निम्मं’ असं लिहून घ्या. गृहीतक वहीत लिहायची सवय इथेच लागते.

चौथा तास: स्यूडोकोड, आपल्याच भाषेत

फ्लोचार्ट मोठा झाला की कागद पुरत नाही आणि बाण एकमेकांत गुंततात. मग स्यूडोकोड, म्हणजे चित्राऐवजी ठरलेल्या मोजक्या शब्दांत ओळीने लिहिलेल्या पायऱ्या. त्याचं जगमान्य व्याकरण नाही, प्रत्येक पुस्तकाचं वेगळं. पण तुमच्या वर्गाचं एकच असलं पाहिजे, नाहीतर शेजाऱ्याची वही वाचता येणार नाही. मी इतकेच शब्द ठेवतो: घ्या, दाखवा, जर–तर–नाहीतर, जोपर्यंत, थांबा. आणि एक बाण.

घ्या वय, पूर्ण_भाडे
जर वय < ५ तर
    भाडे ← ०
नाहीतर जर वय < १२ तर
    भाडे ← पूर्ण_भाडे ÷ २
नाहीतर
    भाडे ← पूर्ण_भाडे
दाखवा भाडे
थांबा

पोटातल्या ओळी आत सरकवायच्या असतात, त्यासाठी ती चौकोनांची वही. ‘दोन घरं सोडून लिहा’ म्हटलं की भागतं. एकेरी रेघांच्या वहीत प्रत्येकाची ओळ वेगळीकडे जाते आणि कोणती ओळ कुणाच्या पोटात हे कळेनासं होतं.

बराबरच्या चिन्हाऐवजी बाण का, हे मुलांना विचारू द्या. ‘अ = अ − ब’ असं लिहिलंत तर समीकरणं शिकलेलं पोरगं लगेच म्हणेल, ‘मग ब शून्य.’ गणिताच्या नियमाने तो चुकत नाही. बाणाचा अर्थ ‘उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या नावाने ठेव, जुनं पुसून टाक’ असा सांगा. पुसून टाक हे शब्द महत्त्वाचे. फळ्यावर जुना आकडा प्रत्यक्ष पुसून दाखवा.

मसावि: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मसावि (दोन्ही संख्यांना पूर्ण भाग देणारी सगळ्यात मोठी संख्या) मुलांना माहीत असतो, त्यामुळे उत्तर तपासता येतं. आणि रीत युक्लिडची, इ.स.पू. ३०० च्या सुमाराची: मोठ्यातून लहान वजा करत राहा, दोन्ही सारखे झाले की थांबा.

घ्या अ, ब
जोपर्यंत अ ≠ ब
    जर अ > ब तर
        अ ← अ − ब
    नाहीतर
        ब ← ब − अ
दाखवा अ
थांबा

हे वाचून कुणालाच काही कळत नाही, तुम्हालाही पहिल्यांदा कळणार नाही. तक्ता आखा आणि हाताने चालवा. याला ड्राय रन म्हणतात. ८४ आणि ३६ घ्या.

सुरुवात: अ = ८४, ब = ३६
फेरी १: अ = ४८, ब = ३६
फेरी २: अ = १२, ब = ३६
फेरी ३: अ = १२, ब = २४
फेरी ४: अ = १२, ब = १२

दोन्ही सारखे, उत्तर १२. तक्ता भरताना मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक, दोन्ही रकाने एकाच फेरीत बदलतात. त्यांना पुन्हा ‘जर–नाहीतर’ वाचायला लावा, एका फेरीत एकच वजाबाकी होते. दुसरं, उत्तर आधीच माहीत असल्यामुळे मधल्या फेऱ्या गाळतात. त्यावर उपाय तोच, वही शेजाऱ्याकडे.

मग ५ आणि ० द्या. अ मोठा, म्हणून ५ मधून ० वजा, राहिले ५. पुन्हा अ मोठा, पुन्हा ५. वर्ग आधी लिहीत राहतो, मग कुजबुज सुरू होते, मग हसू फुटतं. न संपणारा लूप तो हा, आणि याला सकाळची पहिली गाडी नाही. आता सुरुवातीला एक अट घालून तो बंद करा, असं सांगून वह्या उघड्या ठेवा.

ज्यांचं लवकर झालं त्यांना १००० आणि २ द्या. काही जण इमानेइतबारे वजाबाक्या करायला बसतात. त्या ४९९ भरतात. शाळेतल्या भागाकार पद्धतीने मात्र एकाच भागाकारात बाकी शून्य आणि उत्तर २. दोन अल्गोरिदम बरोबर असूनही एक दुसऱ्यापेक्षा किती चांगला असू शकतो, हे त्या बिचाऱ्यांना बोटं दुखल्यामुळे चांगलंच समजतं.

मधल्या वेळेसाठी एक खेळ

पावसाने अर्धा वर्ग आला नाही तर नवा भाग सुरू करू नका, हा खेळ घ्या. मनात १ ते १०० मधला एक आकडा धरा. मुलांनी अंदाज सांगायचा, तुम्ही ‘मोठा’, ‘लहान’ किंवा ‘बरोबर’ एवढंच म्हणायचं. दर वेळी मधला आकडा विचारला तर जास्तीत जास्त ७ अंदाज लागतात. १००० पर्यंत गेलात तर १०. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ११ कोटींवर होती; तेवढ्या क्रमाने लावलेल्या यादीतून एक नाव शोधायला २७ अंदाज पुरतात. मुलं विश्वास ठेवत नाहीत, म्हणून एकापासून सुरू करून सत्तावीस वेळा दुप्पट करायला लावा. याचा स्यूडोकोड सातवीला जड जातो, आठवीला द्यायला हरकत नाही.

समजलं का, हे कसं पाहायचं

व्याख्या विचारू नका. लीप वर्षाचा नियम द्या: ४ ने भाग जात असेल तर लीप, पण १०० ने जात असेल तर नाही, तरीही ४०० ने जात असेल तर लीप. फ्लोचार्ट आणि स्यूडोकोड दोन्ही मागा, आणि तपासायला कोणती वर्षं घेशील तेही लिहायला सांगा. २०२३ आणि २०२४ तर कुणीही लिहील. १९०० आणि २००० ज्याने आपणहून लिहिलं त्याला विषय कळला. त्याचा फ्लोचार्ट थोडा चुकला असला तरी मी त्याला जास्त गुण देतो.

संगणक मिळाल्यावर

मग पायथन घ्या; वहीतला स्यूडोकोड ओळीला ओळ उतरतो. जर म्हणजे इफ, नाहीतर जर म्हणजे एलिफ, जोपर्यंत म्हणजे व्हाइल, दाखवा म्हणजे प्रिंट. दोन घरं सोडायची सवय असलेल्या मुलांना पायथनचं आत सरकवणं जाचत नाही. नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात, पायथन ३ ‘अ’ आणि ‘ब’ आनंदाने स्वीकारतो; मात्र प्रोग्रॅममध्ये आकडे लिहिताना इंग्रजी अंकच लागतात. तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा. बाणाच्या जागी तिथे एक बराबर येतं, आणि सारखेपणा विचारायला दोन. वजाबाकीची रेघ वहीतली नाही, कीबोर्डवरची. इनपुटने घेतलेला आकडा संगणकाला अक्षरांसारखा दिसतो, तो इंट वापरून संख्येत बदलून घ्यावा लागतो, नाहीतर वजाबाकीच होत नाही. पहिल्या दिवशी मसाविच लिहायला द्या, आणि तोही ८४ आणि ३६ चाच. उत्तर १२ आलं नाही तर प्रत्येक फेरीत अ आणि ब प्रिंट करायला सांगा आणि वहीतला तक्ता शेजारी ठेवा. जिथे दोन्ही पहिल्यांदा वेगळे पडतात, त्या फेरीत चाललेल्या ओळीत चूक असते.